‘तोस्का’, घड्याळाप्रमाणे: १९९२च्या रोममधल्या थेट प्रक्षेपणाचा प्रकरण अभ्यास

रोममधल्या १९९२च्या ‘तोस्का’बद्दल कुणाशीही बोला, आधी जागांचा विषय निघतो. खरं चर्च, खरा राजवाडा, खरा किल्ला. संगीतकार पुच्चिनीच्या या ऑपेराचे तीन अंक ज्या तीन ठिकाणी घडतात, तिथेच जाऊन ते गायले आणि टीव्हीवर थेट दाखवले, हे ऐकूनच माणूस थक्क होतो. मीही झालो होतो. पण हे प्रक्षेपण पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट दुसरीच वाटायला लागली. ती म्हणजे त्याचं वेळापत्रक.

मी नाटकांची ध्वनिव्यवस्था पाहतो. संगीत नाटकं, एकपात्री, कधी गाण्याचे कार्यक्रम. त्यामुळे गायक एकीकडे आणि साथ दुसरीकडे असली की काय होतं, याचा अनुभव पदरी आहे. तो या अभ्यासात मधूनमधून येणार, कारण त्याशिवाय या प्रयोगाची खरी जोखीम सांगता येत नाही.

आधी घडलं ते सांगतो. ११ जुलै १९९२, शनिवार. दुपारी बारा वाजता सांतांद्रेआ देल्ला वाल्ले या चर्चमध्ये पहिला अंक सुरू झाला. पाऊण तासाने संपला आणि प्रक्षेपण थांबलं. दुसरा अंक त्याच रात्री, पालाझ्झो फार्नेसे या राजवाड्यात. तिसरा रविवारी, १२ तारखेच्या सकाळी, टायबर नदीकाठच्या कास्तेल सांतांजेलो या किल्ल्याच्या माथ्यावर. ‘तोस्का’चं सगळं संगीत मिळून दोन तासांच्या आत बसतं. ते इथे अठरा तासांहून जास्त वेळात पसरलं होतं. इटलीच्या ‘राय’ या सरकारी वाहिनीने उभा केलेला हा कार्यक्रम शंभरावर देशांत दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला एमी पुरस्कार मिळाला.

कल्पना आणि निर्मिती आंद्रेआ आंदरमान यांची, दिग्दर्शन जुझेप्पे पात्रोनी ग्रिफ्फी यांचं. कॅमेऱ्याची आणि प्रकाशाची बाजू व्हित्तोरियो स्तोरारो यांच्याकडे होती, ज्यांच्या नावावर तोवर तीन ऑस्कर जमा झाले होते. टीव्हीसाठी दृश्यं निवडण्याचं काम ऑपेराच्या प्रक्षेपणात मुरलेल्या ब्रायन लार्ज यांचं. गायिका तोस्का झाली होती कॅथरीन मालफितानो, तिचा प्रियकर चित्रकार कावारादोस्सी प्लासिडो डोमिंगो, आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला पोलीसप्रमुख बॅरन स्कार्पिया रुज्जेरो राइमोंदी. आणि या सगळ्यांना एका सुरात, एका लयीत बांधून ठेवणारा माणूस मुंबईत जन्मलेला: झुबिन मेहता.

कथेतलं घड्याळ

‘तोस्का’ची गोष्ट १७ आणि १८ जून १८०० या दोन दिवसांत घडते. रोम तेव्हा नेपल्सच्या राजाच्या, म्हणजे नेपोलियनच्या शत्रूच्या ताब्यात होतं. उत्तरेत १४ जूनला मारेंगोची लढाई झालेली आहे, पण तिचा निकाल रोममध्ये नीट पोचलेला नाही. पहिल्या अंकात बातमी येते ती नेपोलियन हरल्याची. चर्चमध्ये आनंदीआनंद होतो, देवाचे आभार मानायला ‘ते देउम’ गायलं जातं. दुसऱ्या अंकात, रात्री, खरी बातमी येते: नेपोलियन जिंकला. छळाने अर्धमेला झालेला कावारादोस्सी ती ऐकून ‘विजय! विजय!’ असं ओरडतो आणि त्या एका ओरडण्याने स्वतःच्या मरणावर शिक्कामोर्तब करून घेतो.

नाट्यगृहात या दोन बातम्यांमध्ये एक मध्यंतर असतं. वीस मिनिटं, कॉफी, पाय मोकळे करणं. खोटी बातमी आणि खरी बातमी यांच्यामध्ये एक अख्खी दुपार आणि संध्याकाळ गेली आहे, आणि तेवढा वेळ एक शहर चुकीच्या आनंदात होतं, हे प्रेक्षकाला समजतं पण जाणवत नाही. १९९२च्या शनिवारी ते जाणवण्याची सोय झाली होती. ज्याने दुपारी ‘ते देउम’ ऐकलं, त्याला खरी बातमी कळायला रात्र व्हावी लागली.

बारा वाजताच का, याचं उत्तरही संहितेतच आहे. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला घंटा होते आणि चर्चचा सेवेकरी गुडघे टेकून ‘आंजेलुस’ची प्रार्थना पुटपुटतो. ही प्रार्थना सकाळी, मध्यान्ही आणि संध्याकाळी होते. इथे मध्यान्हीची धरली, आणि सगळं वेळापत्रक त्या एका घंटेवर बेतलं. तिसऱ्या अंकात पहाटेचे चार वाजतात आणि तुरुंगाधिकारी येऊन कैद्याला सांगतो, वेळ झाली. १८०० साली घड्याळं सूर्यावर लावलेली, उन्हाळी वेळ नावाची भानगड नव्हती. त्या चारचे आजच्या रोमच्या घड्याळात पाच वाजून जातात. म्हणजे तिसऱ्या अंकाला सकाळ उगवणं हे पुच्चिनीच्याच हिशेबाला धरून होतं.

पुच्चिनी या बाबतीत फार काटेकोर होता. ऑपेराचा पहिला प्रयोग रोमच्याच कोस्तांझी नाट्यगृहात १४ जानेवारी १९००ला व्हायचा होता, आणि रोमचे लोक रोमबद्दलची चूक पकडणारच, हे त्याला माहीत होतं. त्याने चर्चमध्ये ‘ते देउम’ नेमकं कोणत्या चालीत म्हणतात याची चौकशी केली. सेंट पीटर्स या व्हॅटिकनमधल्या चर्चच्या सगळ्यात मोठ्या घंटेचा सूर कोणता, हे शोधून काढलं. पहाटेच्या घंटा किल्ल्यावरून कशा ऐकू येतात ते ऐकायला तो स्वतः कास्तेल सांतांजेलोवर गेला. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला दुरून येणारं मेंढपाळ पोराचं गाणं त्याने लुइजी झानाझ्झो या कवीकडून रोमच्या बोलीत लिहून घेतलं. म्हणजे जागा आणि वेळ हे दोन्ही ऑपेराच्या कागदावर आधीच उतरलेले होते. आंदरमान यांनी ते कागदावरून उचलून परत शहरात नेऊन ठेवलं.

मात्र ज्या मूळ फ्रेंच नाटकावरून हा ऑपेरा बेतला, त्याचा लेखक सार्दू मोकळ्या हाताचा माणूस. पुच्चिनी त्याला पॅरिसमध्ये भेटला तेव्हा सार्दूला शेवटच्या दृश्यात टायबर नदी सेंट पीटर्स आणि किल्ला यांच्यामधून वाहताना दाखवायची होती. नदी किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाने जाते असं पुच्चिनीने सांगितल्यावर त्याने ते मनावरसुद्धा घेतलं नाही. चर्चचंही तेच. कावारादोस्सी ज्याला मदत करतो तो तुरुंगातून पळालेला कैदी आंजेलोत्ती ज्या आत्तावांती कुटुंबाच्या खाजगी प्रार्थनाकक्षात लपतो, तो कक्ष सांतांद्रेआत नाहीच, तो नाटकासाठी रचलेला आहे. आणि दुसऱ्या अंकात जिच्या सन्मानार्थ खाली मेजवानी चालू आहे ती नेपल्सची राणी त्या दिवशी रोममध्ये नव्हती.

म्हणून ‘खऱ्या जागा’ या गोष्टीकडे मी जरा हात राखून पाहतो. जागा खरी, तिच्यातलं लपण्याचं ठिकाण रचलेलं, राणीची हजेरी रचलेली, आणि शेवटी तोस्का ज्या कठड्यावरून उडी मारते तिथून ती काही केल्या नदीत पडणार नाही. नाट्यगृहातल्या रंगवलेल्या पडद्यावर हे सगळं खपून जातं. खऱ्या दगडांसमोर ते उघडं पडायची शक्यता जास्त. तरीही पाहताना ते खटकत नाही. बघणाऱ्याला त्या वेळी नकाशा आठवत नाही, रात्र किती सरली ते आठवतं.

साथ शहराच्या दुसऱ्या टोकाला

आता जोखमीकडे येतो. चर्चमध्ये किंवा किल्ल्याच्या गच्चीवर पूर्ण ऑपेरा वाद्यवृंद बसवणं शक्य नव्हतं. बसवला असता तरी चित्रात आला असता, आणि सांतांद्रेआच्या प्रचंड घुमटाखाली त्याचा आवाज घुमून घुमून चिखल झाला असता. म्हणून मेहता आणि ‘राय’चा रोममधला वाद्यवृंद आपल्या सभागृहातच राहिले, गायकांपासून काही किलोमीटर दूर. गायकांच्या कपड्यांत माईक लपवलेले. मेहतांचे हात गायकांना दिसायचे ते कॅमेऱ्याच्या नजरेआड ठेवलेल्या मॉनिटरच्या पडद्यांवर. गायक मेहतांना दिसायचे तेही पडद्यावर.

हवेतून आवाज एक किलोमीटर जायला साधारण तीन सेकंद घेतो. तारेतून किंवा लहरींवरून तोच आवाज जवळजवळ त्याच क्षणी पोचतो, म्हणून तर हे जमण्यासारखं होतं. पण पोचणं वेगळं आणि एकत्र असणं वेगळं. आपल्याकडे साथीदार गवयाच्या चेहऱ्याकडे बघत असतो. तो श्वास कधी घेतो, हात कुठे नेतो, तान लांबवणार की आत्ताच समेवर येणार, हे आवाजाच्या आधी अंगातून कळतं. इटालियन ऑपेरातही तेच. पुच्चिनीच्या संगीतात लय सतत सैल होते, आवळते, एखाद्या वरच्या सुरावर थांबते. तो थांबा किती लांब, हे गायकाच्या फुफ्फुसावर आणि संचालकाच्या मनगटावर मिळून ठरतं. इथे ते मनगट आणि ते फुफ्फुस यांच्यामध्ये अर्धं रोम होतं.

माझा एक अनुभव सांगतो. एका नाट्यगृहात संगीत नाटकाचा प्रयोग होता. ऑर्गन आणि तबला रंगमंचापुढच्या खड्ड्यात, आणि गाणारी नायिका मागे, पायऱ्यांवर. पदाच्या मध्यात तिच्या बाजूचा मॉनिटर, म्हणजे तिला साथ ऐकवणारा स्पीकर, बंद पडला. तिला ऑर्गन ऐकू येत होता तो फक्त प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आलेला. जाऊन-येऊन पन्नासेक मीटरचा फेरा, म्हणजे सेकंदाचा जेमतेम सातवा भाग. तेवढ्याने ती मागे पडायला लागली. तिला वाटत होतं ती बरोबर आहे, आणि ऐकणाऱ्याला वाटत होतं तिचा ताल सुटला. तबलजीने खड्ड्यातून मान वर काढून तिच्या ओठांवर डोळे रोवले आणि ठेका तिच्या मागे नेला. पद पार पडलं. मी मिक्सरवर घामाघूम होऊन उभा होतो आणि माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं.

त्या सेकंदाच्या सातव्या भागाची ताकद ठाऊक असल्यामुळे मी ही ‘तोस्का’ पाहताना पहिल्या काही मिनिटांत फक्त एवढंच बघत होतो की कुणी मागे पडतंय का. आणि मग विसरून गेलो. मेहतांना मी याचं फार मोठं श्रेय देतो. त्यांच्या संचालनात इथे एक प्रकारची मोकळीक आहे. ते गायकाला ओढत नाहीत, त्याच्याबरोबर वाट बघतात. डोमिंगोंशी त्यांची ओळख जुनी. १९७०च्या दशकात त्या दोघांनी गायिका लिऑन्टिन प्राइसबरोबर हाच ऑपेरा ध्वनिमुद्रित केला होता, आणि दोनच वर्षांपूर्वी, ७ जुलै १९९०ला, रोमच्याच काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत तीन टेनर, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुष गायकांची जगभर गाजलेली मैफल मेहतांनीच चालवली होती. वीस वर्षं एकमेकांबरोबर काम केलेल्या माणसांना एकमेकांचा श्वास पडद्यावरूनही कळत असणार.

वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभा केला, आणि पुढच्या वर्षी झुबिन जन्मले. त्या घरात तालमी ऐकत वाढलेला हा मुलगा १९५४ला व्हिएन्नाला शिकायला गेला. मुंबईत पाश्चात्त्य संगीताचा श्रोता तेव्हाही मूठभर होता. त्या मूठभरांच्या शहरातून निघालेल्या माणसाने एका दुपारी अर्ध्या जगाला रोमची घंटा ऐकवली, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

तुलनेसाठी दुसरं एक उदाहरण आहे, आणि ते नेमकं आहे. १९७६ साली ‘तोस्का’चा चित्रपट झाला होता. दिग्दर्शक जानफ्रांको दे बोझिओ, जागा याच, रोममधल्या. कावारादोस्सीच्या भूमिकेत हेच डोमिंगो, त्यांच्या मुलाने मेंढपाळ पोराचं गाणं गायलं होतं. मात्र तिथे गाणं आधी ध्वनिमुद्रित करून नंतर त्यावर ओठ हलवले होते. जागा त्याच, गायक तोच, आवाज तर सोळा वर्षांनी तरुण. चित्र देखणं आहे. पण मान ताणलेली दिसत नाही, वरच्या सुराआधी छाती भरलेली दिसत नाही, कारण त्या क्षणी तिथे कुणी गातच नाही. १९९२मध्ये डोमिंगो एक्कावन्न वर्षांचे होते. काही सुरांना कष्ट पडतात ते ऐकू येतात आणि दिसतात. मला ते हवे आहेत. रात्रभर तुरुंगात काढलेल्या माणसाचा आवाज लख्ख कसा असेल?

टाळ्या नसलेला दुसरा अंक

पालाझ्झो फार्नेसेत आज फ्रान्सचा दूतावास आहे. १८००मध्ये हा राजवाडा नेपल्सच्या राजघराण्याकडे होता, त्यामुळे पोलीसप्रमुखाने तिथे बस्तान मांडणं कथेला शोभतं. पण खरं सांगायचं तर दुसरा अंक ही एका खोलीची गोष्ट आहे. एक जेवणाचं टेबल, एक खिडकी, एक दार ज्याच्यापलीकडे छळ चालू आहे. ती खोली कुठेही बांधता आली असती. इथे खोलीपेक्षा कॅमेरा जवळ असण्याने जास्त फरक पडला.

राइमोंदी स्कार्पियाला ओरडू देत नाहीत. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत दुष्टपणा पोचवायचा तर तो मोठा करावा लागतो. इथे भुवई पुरते. ते जेवताहेत, आणि जेवता जेवता एका माणसाच्या जिवाचा सौदा करताहेत, आणि हात रुमालाला पुसण्याइतकं ते त्यांना सहज आहे. मालफितानो मुळातच अभिनयासाठी नावाजलेली गायिका. तिचा आवाज पुच्चिनीच्या सगळ्यात मखमली तोस्कांच्या पंगतीत बसणारा नाही, हे मान्य. पण तिच्या तोस्काला स्कार्पियाचा प्रस्ताव, म्हणजे प्रियकराच्या जिवाच्या बदल्यात ती स्वतः, कळतो तो क्षण मी शब्द न समजताही ओळखू शकलो असतो.

या अंकातलं ‘व्हिस्सी दार्ते’, म्हणजे ‘मी कलेसाठी जगले’, हे पद कुठल्याही नाट्यगृहात टाळ्यांचा कडकडाट घेतं. नाटक तिथे थांबतं. आपल्याकडे एके काळी पदांना वन्स मोअर पडायचे आणि मेलेलं पात्र उठून पुन्हा गायचं, तसाच प्रकार. राजवाड्याच्या त्या दालनात टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. पद संपतं, तिची मान खाली, आणि समोर तोच माणूस तसाच उभा. तिने देवाला विचारलेला प्रश्न तिथल्या तिथे पडून राहतो. मी हे पद कितीतरी गायिकांकडून ऐकलं आहे, पण त्यानंतरची ही शांतता दुसरीकडे ऐकली नाही.

आणि मग सुरी. संहितेत हा प्रसंग अगदी बारकाईने लिहिला आहे. सौदा ठरला आहे. स्कार्पिया टेबलाशी बसून दोघांना शहराबाहेर जाऊ देणारा परवाना लिहितो आहे. तोस्का वाइनचा पेला घ्यायला जेवणाच्या टेबलाकडे येते, पेला उचलते, आणि तिची नजर ताटाशेजारच्या धारदार सुरीवर पडते. वाद्यवृंद खालच्या सुरांत सरपटत असतो. ती पेला ओठांना लावते, हळूच टेबलाला टेकते, हात मागे जातो. स्कार्पिया अजून लिहितोच आहे. मोठ्या नाट्यगृहात दहाव्या रांगेच्या मागे ती सुरी दिसतच नाही. लोकांना गोष्ट माहीत असते म्हणून ते समजून घेतात. टीव्हीच्या पडद्यावर सुरी सुरीएवढी असते. घाव घातल्यावर ती मेलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते, आणि दुरून नगाऱ्यांचा आवाज येतो. हे सगळं मुक्याने चालतं, फक्त वाद्यवृंद बोलतो. तो बोलणारा वाद्यवृंद तेव्हा शहराच्या दुसऱ्या भागात, दिव्यांच्या उजेडात, साध्या खुर्च्यांवर बसलेला होता, हे आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

पहिल्या अंकाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चर्च भव्य आहे, आणि भव्यतेने थोडं नुकसानच केलं आहे. दुपारचा उजेड, संगमरवर, घुमट यांत दोन प्रेमिकांची मत्सराची कुरबुर हरवते. शेवटचं ‘ते देउम’ मात्र जिथे गायचं तिथे गायलं गेलं. मिरवणूक पुढे सरकते आहे, गर्दी प्रार्थना म्हणते आहे, आणि स्कार्पिया त्याच सुरांवर आपली वासना बोलून दाखवतो आहे. तेवढ्यापुरतं चर्च पूर्ण कामाला येतं.

मधला वेळ

हे प्रक्षेपण पुढे व्हिडिओवर आणि डीव्हीडीवर आलं. तिथे तीन अंक एकामागून एक लागतात. मीही बरीच वर्षं ते तसंच पाहत होतो. मग एकदा ठरवलं, की ज्या वेळी दाखवलं त्या वेळी बघायचं. एका शनिवारी दुपारी बाराला पहिला अंक लावला.

आई शेजारी बसून गवार मोडत होती. ती नाट्यपदांवर वाढलेली. ऑपेरा तिला आरडाओरडा वाटायचा. मी तिला मोजून चार वाक्यांत गोष्ट सांगितली. ती अर्ध्या लक्षाने बघत होती. ‘ते देउम’ला मात्र गवार थांबली. अंक संपला, मी टीव्ही बंद केला.

“अरे, बंद का केलंस?”

“पुढचं रात्री आहे, आई.”

“मग आत्ताच लाव की.”

“रात्रीच लावायचं ठरवलंय.”

तिला ते पटलं नाही. जेवणं झाली. मी एका तालमीला जाऊन आलो. संध्याकाळी सातच्या सुमाराला ती देवाजवळ दिवा लावून बाहेर आली आणि विचारलं, “त्या चित्रकाराला पकडला का रे त्यांनी?” मला उत्तर माहीत होतं, पण मी म्हटलं, रात्री कळेल. आणि तेव्हा मला कळलं की दुपारपासून आमच्या घरात कुणीतरी फरारी होता. दुपारी डोळ्यांसमोरून निसटलेला एक माणूस कुठेतरी लपून बसला होता, आणि आम्ही भाजी-भाकरी करत होतो. १७ जून १८००ला रोममध्येही लोक भाजी-भाकरीच करत असणार.

रात्री पावणेदहाला दुसरा अंक. आईने छळाच्या प्रसंगाला तोंड फिरवलं, सुरीच्या वेळी पुढे झुकली. परवाना तोस्काच्या हातात आला तेव्हा ती म्हणाली, “आता सुटले.” मी काही बोललो नाही. बंदुकांत गोळ्या नसतील, मारल्याचं नुसतं नाटक होईल, असं स्कार्पियाने वचन दिलं आहे आणि ते खोटं आहे, हे तिने ओळखलं नव्हतं. तोस्काने तरी कुठे ओळखलं होतं? त्या रात्री आई आणि तोस्का दोघी एकाच आशेवर झोपल्या. मध्यंतराच्या वीस मिनिटांत ही आशा रुजत नाही. तिला एक रात्र लागते.

तिसऱ्या अंकात गोळीबाराआधी तोस्का स्वतःशी म्हणते की वाट बघणं किती लांबलंय, अजून का उशीर करताहेत, सूर्य उगवायला लागला की. ही ओळ मी शेकडो वेळा ऐकली असेन. नाट्यगृहात ती जाता जाता निघून जाते, कारण तिथे कुणीच फारसं थांबलेलं नसतं. घड्याळाप्रमाणे पाहिलं की ती ओळ सगळ्या ऑपेराचा भार पेलते.

तसंच कावारादोस्सीचं शेवटचं पद. ‘आणि तारे चमकत होते’ अशी त्याची पहिली ओळ. ‘होते’. तो कुठल्यातरी जुन्या रात्रीची आठवण सांगतोय. रंगमंचावर डोक्यावरच्या पडद्यावर चांदण्या लुकलुकत असतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं तो त्याच बघून गातोय. रोममध्ये जुलैत पावणेसहाच्या सुमाराला सूर्य उगवतो. सकाळी, उजाडत्या आकाशाखाली तो हे पद गातो तेव्हा तारे विझलेलेच असणार. संहितेत अंकाच्या सुरुवातीला चांदण्यांनी भरलेलं आकाश सांगितलं आहे, तेवढी सूचना इथे घड्याळाने मोडली. पण त्या मोडण्यातून ‘होते’ हा भूतकाळ पहिल्यांदा मला खरा वाटला.

आंदरमान यांनी पुढे हीच पद्धत वापरून २०००मध्ये पॅरिसला ‘ला त्राव्हियाता’ आणि २०१०मध्ये मांतुआला ‘रिगोलेत्तो’ केला, दोन्हींत मेहताच होते, आणि मांतुआत डोमिंगो टेनरची भूमिका सोडून रिगोलेत्तोच झाले. तंत्र सुधारलं, चित्र आणखी लखलखीत झालं. मला ‘तोस्का’चंच प्रक्षेपण जवळचं वाटतं, कारण त्याच्या संहितेतच तासांचे ठोके आहेत. इतर दोन कथा दिवस, महिने ओलांडतात. त्यांना जागेवर नेता येतं, घड्याळावर नेता येत नाही.

रविवारी सकाळचा गजर मी लावला होता, पण तो वाजायच्या आधीच आई दारात उभी होती. चहा झालेला. म्हणाली, “ऊठ रे, त्याची वेळ झाली.”

तिला संहिता माहीत नव्हती. तुरुंगाधिकारी हेच म्हणतो.

आम्ही खिडकी उघडी ठेवून तिसरा अंक पाहिला. शिंगांचा तो एकसुरी घोष, मग मेंढ्यांच्या गळ्यातल्या घुंगुरांसारखा किणकिणाट, दुरून ते पोर आपल्या बोलीत गात चाललेलं, आणि एकेका चर्चच्या घंटा, जवळच्या, लांबच्या, शेवटी सेंट पीटर्सची ती खोल घंटा. आमच्या गल्लीत दूधवाल्याची सायकल वाजली. गोळ्या सुटल्या, आणि आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तोस्का प्रेताजवळ जाऊन त्याला उठवायला लागली, हळू, घाई करू नकोस, अजून नको. मग ती कठड्यावर चढली.

पडद्यावर नावं यायला लागल्यावर आई बराच वेळ तशीच बसून राहिली. मग म्हणाली, “ते पोर सुरुवातीला गायलं ना, तेवढं परत लाव.”

मी मागे नेऊन लावलं.